गोलकीपरची नजर

"वहिनी, दादा एकदा मॅचवर बोलायला लागला की घराला आग लागली तरी त्याला धूर दिसायचा नाही. बाळ त्याच्या भरवशावर सोडू नकोस," नणंदेने बजावलं होतं. पण वहिनीने ते हसण्यावारी नेलं.

गेल्या रविवारी शेजारच्या काकूंनी तिची रांगती लेक जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उचलून आणली. नवरा तेव्हा मोबाइलवरून आपल्या प्रेक्षकांसमोर लाइव्ह बसून कबड्डी लीगच्या पंचांना धारेवर धरत होता. "लागलं नाही ना? मग झालं तर," एवढंच तो म्हणाला.

या रविवारी "बाळाकडे बघ हं," असं तिने त्याला सांगितलं. त्याने मान वर न करता "हो गं" म्हटलं. मग ती लेकीला कडेवर घेऊन काकूंकडे जाऊन बसली आणि फोनवर त्याचं लाइव्ह लावलं.

क्रिकेट लीगचा कर्णधार सोलून झाला, हॉकीचा प्रशिक्षकही सोलून झाला. चाळीस मिनिटांनी गाडी फुटबॉलवर आली. "गोलकीपरची नजर हटतेच कशी? एकच काम होतं ना त्याला? हाकला असल्याला!"

तिने शांतपणे कमेंट टाकली. आलेली प्रत्येक कमेंट मोठ्याने वाचायची त्याची पद्धतच होती.

"पुढचा प्रश्न," तो वाचू लागला, "साहेब, तुमची मुलगी कुठे आहे?"

खुर्ची पडल्याचा आवाज भिंतीपलीकडूनही आला. काकू लगबगीने उठल्या, तसा तिने त्यांचा हात धरला.

"बसा हो काकू. आधी सगळ्या पायऱ्या बघून येऊ दे त्याला."

तोवर वाचकहो, तुम्हीही ही गोष्ट बाजूला ठेवा, आणि घरातलं पिल्लू कुठे आहे ते एकदा बघून या.