नाव टाळलेला खुलासा

बार्शी. एक जण. पान उघडं आहे.

ही ओळ पडद्यावर उमटली तेव्हा करिश्माचा बाप, बलभीमकाका, समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, आणि समृद्धीला आपलं तोंड कुठं लपवावं ते कळेना.

बातम्यांच्या पोर्टलचं हे ऑफिस ढोकीत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर. खिडकी लावली तरी साखर कारखान्याच्या मळीचा वास आत यायचाच. गेल्या आठवड्यात मालकानं, अमरसिंहदादांनी, तिला फर्मावलं होतं : एआयला विचारून जे लोक आपल्या वेबसाइटवर येतात, ते वेगळे दिसले पाहिजेत. जाहिरातवाल्यांना दाखवायचेत. तिनं वेगळा रकाना लावून दिला. माणूस कुठल्या गावाचा, कुठल्या पानावर उतरला, अजून आहे का गेला, सगळं कळायला लागलं.

कळलं ते असं, की एआयकडून येणारे बहुतेक सगळे एकाच पानावर उतरत होते. जुनी बातमी. ‘ट्रॅक्टर चालकासोबत तरुणी फरार.’ खाली करिश्माचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव.

करिश्मा त्या दिवशी येडशीला मावशीकडं होती. ड्रायव्हर त्याच्या गावी. कुणीतरी दोघांची गाठ मारली आणि दादांनी ती गाठ छापली.

लातूर. एक जण. गेला.

“उद्या पाव्हणे येणारेत, बार्शीचे,” बलभीमकाका म्हणाले. “म्हून आलो. मागलं स्थळ असंच मोडलं बघा. मधला मानूस म्हनला, पोरानं मोबाइलला इचारलं आन् मोबाइलनं सांगितलं. पयलं बरं व्हतं. मानूस यायचा, हाटेलात च्या प्यायचा, न्हाव्याला इचारायचा. न्हावी तरी आपला व्हता.”

“खुलासा लावला व्हता की काका,” दादा म्हणाले. व्हिजिटिंग कार्डाच्या टोकानं ते दात कोरत होते. “दुसऱ्याच दिवशी.”

लावला होता. समृद्धीनं तो शोधून काढला. ‘कालच्या बातमीतील तरुणी नातेवाइकांकडे सुखरूप असून सदर माहिती निराधार आहे.’ तरुणी. एवढंच.

“ह्यात करिश्माचं नाव कसं नाही?” तिनं विचारलं.

“म्याच सांगितलं तसं,” काका म्हणाले. “पोरीबाळीचं नाव पुन्हा पुन्हा चारचौघात कशाला? दादांना म्हनलं, काय बी लिवा, पन तिचं नाव तेवढं टाळा.” त्यांच्या आवाजात त्या शहाणपणाचं समाधान अजून होतं.

म्हणजे नाव घेऊन विचारलं की एआयला पहिली बातमी सापडत होती. खुलासा कुणाचा, ते त्याला कळायला मार्गच नव्हता.

“दादा, पान काढून टाकू?”

दादांनी कार्डाचं टोक निरखलं, पँटीला पुसलं. “येडी का गं तू? एआय आपल्याला वळखायला लागलंय ते ह्याच पानानं. ते काढलं की तुझ्या रकान्यात काय ऱ्हातंय?” मग काकांकडं वळून, लई मायेनं : “काका, तुम्ही घोर करू नका. लग्न ठरू द्या. त्याची बी बातमी लावतो. फोटोसकट.”

काका हसले. हसावं लागतं म्हणून हसले. ते हसू बघून समृद्धीनं नजर पडद्याकडं वळवली.

बार्शी. दोन जण.

दोन. म्हणजे एकानं वाचलं आणि दुसऱ्याला पाठवलं. पडद्यावर नुसते ठिपके होते, पण तिला माणसं दिसायला लागली. पलंगावर बसलेली, मोबाइलवर वाकलेली, एकमेकांना कोपरानं ढोसणारी. आणि तिनं स्वतःच्या हातानं आखलेल्या रकान्यात ती अशी एकेक करून…

बार्शी. तीन जण.

तिनं पान पुसलं. दादांना विचारलं नाही. एक बटण, ‘खात्री आहे?’, परत तेच बटण.

“काय केलंस?”

“पुसलं.”

दादांनी शिवी हासडली. शिवीवरूनच काकांना कळलं. ते उठले आणि लेकीच्या वयाच्या पोरीला त्यांनी हात जोडले.

“गेलं?”

“गेलं, काका.”

ठिपके विझले. रकाना कोरा झाला. दादांनी त्या कोऱ्या जागेकडं बघितलं आणि हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. “चला, एका अर्थी बरंच झालं. आता पोरीचं काय बी हूंदे, आपला संबंध न्हाय.” कार्ड परत दातात गेलं.

काका जिना उतरायला लागले. समृद्धीनं आपला मोबाइल काढला आणि एआयला विचारलं. करिश्माचं नाव, बापाचं नाव, गाव.

उत्तर लगेच आलं, आधीचंच. सदर तरुणी ट्रॅक्टर चालकासोबत निघून गेल्याचे सांगितले जाते. शुद्ध भाषेत, नम्रपणे. उत्तराखाली पोर्टलचं नाव यायचं, तेवढं गेलं होतं. आता हे कुणीच म्हटलेलं नव्हतं.

जिन्यातून काकांचा आवाज वर येत होता. फोनवर, मोठ्यानं, खुशीत.

“व्हय व्हय पाव्हणं, पोरीचा बापच बोलतोय. उद्या या की. आन् यायच्या आधी त्या मोबाइलला खुशाल इचारा. आधी इचारलं असंल, तरी पुन्हा इचारा.”