खलाशाचं माप

परसरामने लोखंडी पट्टी पुन्हा गाडीच्या डब्याला लावली आणि मान हलवली. डबा मोठा झाला तो झालाच. आता पट्टी दहादा लावली तरी तेच सांगणार होती.

गावची छोटी लाइन, अरुंद रुळांची रेल्वे, बंद पडली, ठेसनही पाडलं. त्याचा नमुना पंचायतीच्या हॉलात ठेवायचं ठरलं आणि जवाहरनगरच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेल्या परसरामने ते काम हौसेनं अंगावर घेतलं. खऱ्यातले पन्नास फूट म्हणजे इथला एक फूट. ठेसन, टाकी, गाडी, सगळं त्याच मापात. पण सरपंच भय्याजी आले नि नाक मुरडून गेले.

"काकाजी, हे गाडी आहे का खेळणं? डबे दुप्पट करा. उद्घाटनाले मोठे पाहुणे येऊन राहिले."

"छोटी लाइन होती, भय्याजी. गाडी एवढीच होती."

"मोजाले कोण येते जी?"

मग काय, पाठीचा काटा ढिला होईस्तोवर बसून त्यानं डबे दुप्पट केले. आता सगळं खोटं दिसत होतं. सगळ्यात खोटा दिसत होता फलाटावरचा मातीचा माणूस. अर्ध्या बोटाएवढा, हातात कंदील. परसरामचा बाप, या ठेसनावर ठेसनमास्तरच्या हाताखाली पडेल ते काम करणारा खलाशी. त्याच्याचसाठी तर हा सारा खटाटोप! आणि आता त्याचं डोकं डब्याच्या उंबऱ्याशी जेमतेम पोचत होतं. जिवाला लागलं परसरामच्या. त्यानं बापाला उचलून खिशात टाकलं.

त्याची बायको विमलाबाई चहा घेऊन आली. "अजी, मामाजीले काहून काढलं?"

"गाडीपुढं किडामुंगी दिसून राहिले."

"मंग त्यायलेही मोठं करा."

"ठेसनाच्या दारात मावन का मंग? वाकून जा लागन."

"आधी कसे जात होते?"

परसरामने नमुन्यातल्या दाराकडे पाहिलं. दार चांगलं उंच होतं, त्यानं स्वतः मापात बसवलं होतं. बाप त्यातून ताठ गेला असता. पण मास्तरच्या खोलीत शिरताना तो कधी ताठ गेला नाही. उंबऱ्याबाहेर चप्पल काढायचा आणि कमरेत वाकायचा. लहानपणी परसरामला वाटायचं, दारच ठेंगणं आहे.

चहा निवून गेला. त्यानं बादलीतली माती मळायला घेतली. हात दुखत होते, तरी बाप घडला. दुप्पट. कंदीलही दुप्पट. फलाटावर उभा केला तर ठेसनाचं दार त्याच्या छातीच्याही खाली आलं.

"पाह्य, मी म्हटलं नोव्हतं?" परसराम थकून म्हणाला. "आता आत कसे जातीन?"

विमलाबाईनं निवलेल्या चहाचा कप उचलला.

"कायले जातीन? राहू द्या बाहेर उभे. मास्तरले येऊ द्या ना बाहेर."