देवाची भांडी

हैदराबादेत विद्यानगरला सावित्रीबाईंच्या घरी दर शुक्रवारी बायकांचं वाचनमंडळ भरे. श्रद्धा आणि संसार यांवरचं आवडतं काहीतरी प्रत्येकीने वाचायचं. त्या शुक्रवारी सून तेजश्रीने मासिकातली म्हणून स्वतःचीच कविता वाचली. सून आली की देवाची पितळी भांडी तिने घासायची, ही त्या घरची रीत. ऑफिसआधीच्या या कामातून तिला सुटायचं होतं, आणि सासूबाईंना तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

“देवा, रोज पहाटे तुझी भांडी घासते,
एकदा तरी म्हण, राहू दे आज.”

“आमचा देव तर थंडीत कोमट पाणी मागतो,” शेजारच्या माधवीताई म्हणाल्या. “त्याला काय म्हणू, नक्को?”

बायका हसल्या. सावित्रीबाई हसल्या नाहीत.

सगळ्या गेल्यावर त्यांनी तेजश्रीला कविता पुन्हा वाचायला लावली. तेजश्रीने मान खाली घालून वाचली.

“मला म्हणाला ना तो तसं,” सावित्रीबाई हळूच म्हणाल्या. “तू या घरात आलीस त्या दिवशी. तेव्हापासून पहाटे उठते आणि नुसती बसून राहते, बाई.”