येतो

सुबोधच्या लॅपटॉपपुढे त्याचा मित्र क्षितिज अवघडून बसला होता. सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमध्ये एकच खुर्ची उरली होती. बाकी सगळं बांधून झालेलं. विनीता एका खोक्यावर बसली.

"आज कोणी सांभाळायला घेतला नाही, तर साइटवर सुबोधच्या प्रोग्रॅमपुढे 'ऑर्फन' लागेल," क्षितिज म्हणाला. "म्हणजे, अनाथ. शब्द साइटवाल्यांचाच आहे, वहिनी."

"इतकं स्पष्ट तर बाराव्यालाही कोणी बोललं नाही."

मराठीत लिहायचा साधा प्रोग्रॅम. ऑफिसातून आला की सुबोध त्यातच असायचा, नऊ वर्षं. फुकट. कोणीही घ्यावा, आतून उघडून बघावा, हवा तसा बदलावा.

"नाशिकच्या एक प्रणिता सांभाळायला तयार आहेत. त्या एकट्याच. पण त्यांनी एक चूक कळवलीय." त्याने वाचून दाखवलं: 'बंद करण्याच्या बटणावर "येतो" असं आलं आहे. भाषांतर चुकलं असावं. "बाहेर पडा" हवं.'

विनीता खोक्यावरची चिकटपट्टी नखाने उचकटत राहिली. तो शब्द तिचा होता. सुबोधने सोफ्यावरूनच विचारलं होतं, 'क्विट'ला काय लिहू? ती पोळ्या लाटत होती. जाताना जातो म्हणतात का कधी, येतो लिही, असं तिनेच सांगितलं होतं.

"नाही म्हणता येतं?"

"येतं ना. 'चूक नाही' असा शेरा मारू. पण एकदा त्यांच्याकडे गेला की त्या बदलूही शकतात. सुबोधनेच तसं लिहून ठेवलंय."

"त्याचं सगळं मेलं उघडं. कपाटाला तेवढं कुलूप."

विनीता स्क्रीनकडे बघत होती. गेला त्या दिवशीही रॅफल्स प्लेसच्या ऑफिसला निघताना, बूट चढवता चढवता, दारातून सुबोध तेच म्हणाला होता, येतो. नेहमीसारखंच.

"बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "चूकच आहे ती."

"वहिनी, मी त्यांना समजावून सांगतो..."

"काय समजावणार? देऊन टाक. बदलू दे."

क्षितिजने बटण दाबलं. प्रोग्रॅम नाशिकला गेला. पंखा फिरत राहिला.

आतल्या खोलीतून किमया आली. पाठीवर सॅक. मैत्रिणींना शेवटचं भेटायला निघाली होती.

"आई, आय गो फर्स्ट, आ!" इथल्या इंग्रजीतलं 'जाते'. आणि दार ओढलं गेलं.

विनीता उठली. चपला न घालताच कॉरिडॉरमधून धावली. लिफ्टचं दार मिटत होतं.

"किमू, काय म्हणायचं?"

फटीतून एक हात बाहेर आला. दार अडखळलं, पुन्हा उघडलं.

"येते, ला," किमया इथल्याच सुरात म्हणाली. "येते गं."