आठवं मिश्रण

"जमलं," सासरे म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

सून दाराशीच थांबली. एका गिऱ्हाइकाला काड्यापेटी द्यायला ती दोन मिनिटं पुढच्या दुकानात गेली होती. परत येते तर मागच्या खोलीत धूर, पाइप दातांत, आणि सासऱ्यांचे डोळे मिटलेले. आठ महिन्यांत तिनं सात मिश्रणं करून त्यांच्या पुढ्यात ठेवली होती. सातही वेळा म्हाताऱ्यानं चार झुरके घेऊन एकच निकाल दिला होता, "त्याचं नाही." सातही वेळा तिनं बरणी उचलून कचऱ्याच्या पिंपात रिकामी केली होती.

तो म्हणजे त्यांचा मुलगा, तिचा नवरा. या दुकानाची तंबाखू तो मिसळायचा. प्रमाण कुठेही लिहून न ठेवता गेला. लिहिणार तरी काय? त्याचा वजनकाटा म्हणजे त्याची मूठ.

आजचं आठवं मिश्रणही बसलं नाही, तर सोमवारपासून मागची खोली बंद करायची आणि पुढे नुसते कारखान्याचे तयार डबे विकायचे, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं. "लोक दुधाची तहान ताकावर भागवतील. आपणही भागवू." पानं चाळताना, कातरताना, मुठीत दाबून ओल बघताना तिचे दिवस कसेबसे निघत होते. ही खोली गेली तर डबे पुसत आयुष्य काढायचं, हे तिला नको होतं.

"अगदी तेच गं, सुनबाई. आधी गोडसर लागतं, आणि मागून तो धुरकट कडवटपणा. कसं काय केलंस?"

तिला इतका आनंद झाला, की तिनं दाराची चौकट धरली. मग तिची नजर पाइपवर गेली. पाइप लाकडाचा होता.

नवं मिश्रण लाकडी पाइपातून कधीच चाखायचं नाही, हा या घरचा कायदा. लाकडात जुन्या तंबाखूची चव मुरलेली असते. नवं काही भरलं, की आधी तीच वर येते, आणि दोन-चारदा वर आली की कायमची निघून जाते. म्हणून परीक्षेला कोरा मातीचा पाइप घ्यायचा, आणि एकदा ओढला की फोडून टाकायचा. ही गोष्ट विसरला म्हणून याच म्हाताऱ्यानं एकदा एका जुन्या कामगाराला दुकानाबाहेर काढलं होतं.

आणि हा लाकडी पाइप कुणाचा, हे तिला लांबूनही कळत होतं. दांड्यावर दातांची खूण होती.

गप्प राहिली असती तर खोली वाचली असती. कुणालाही कळलं नसतं, निदान म्हाताऱ्याला तरी. पण रोजची गिऱ्हाइकं दोन झुरक्यांत ओळखतील, आणि त्यांनी ओळखायच्या आधी तिला स्वतःला माहीत असेल. हात दाखवून अवलक्षण करून घेणं यालाच म्हणतात, असं मनात म्हणत ती पुढे झाली.

"मामंजी, तो ह्यांचा पाइप आहे."

त्यांनी डोळे उघडले. पाइप तोंडातून काढला, अंगठ्यानं दातांची खूण चाचपली.

"मुद्दाम नाही घेतला गं," ते म्हणाले. "खण उघडला आणि हात यावरच गेला."

"द्या इकडे. साफ करून ठेवते."

"थांब. अजून थोडी आहे. संपू दे."

ती स्टुलावर बसली. एव्हाना वास तिलाही येत होता. आठ महिन्यांनी तिचा नवरा या खोलीत आला होता, आणि चिमूटभर तंबाखू जळेपर्यंतच थांबणार होता. ती रडली. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं नाही. फक्त झुरके लहान लहान करत गेला, पुरवून पुरवून, पोरं शेवटची गोळी चघळतात तसे. मग पाइप विझला. म्हाताऱ्यानं दोनदा ओढून पाहिलं. काही आलं नाही.

राख त्यांनी स्वतः काढली, पाइप फडक्यात गुंडाळून खणात ठेवला आणि वरच्या खणातून मातीचा काढून तिच्यापुढे धरला.

"आता तुझं भर."

तिनं भरलं. थोडी तंबाखू टेबलावर सांडली. त्यांनी पेटवला. चार झुरके झाले. निकालाची वेळ झाली म्हणून ती उभी राहिली, पण ते ओढतच राहिले. पाचवा झाला, सहावा झाला. रस्त्यावरून एक गाडी गेली आणि फळीवरच्या बरण्या थरथरल्या. अर्धा पाइप संपल्यावर त्यांनी मान हलवली.

"त्याचं नाही."

"बरं," ती म्हणाली. तिनं बरणीला झाकण लावलं, ती छातीशी धरली आणि पिंपाकडे वळली.

"कुठे निघालीस?"

"ओतून टाकते."

"का?"

"ह्यांचं नाही, म्हणालात ना."

"म्हणालो." म्हाताऱ्यानं पाइप पुन्हा दातांत धरला, एक लांब झुरका घेतला आणि धूर सावकाश सोडला. "वाईट आहे, असं कुठे म्हणालो? ठेव ती पुढे, दुकानाच्या फळीवर."