रंगीत तालीम

मुलांनो, कल्पना करा, तुम्ही परक्या देशात शिकायला गेला आहात, सोमवारी विद्यापीठ सुरू होणार आहे आणि इंग्रजीत तोंड उघडलं की तुमची त-त-प-प होते. आपल्या गोष्टीतल्या भाचीचं तसंच झालं होतं. एकदा दुकानात रांगेतले लोक हसले, तेव्हापासून कुठेही बोलायच्या आधी ती मायदेशातल्या मामांना फोन लावायची. मामा निवृत्त मास्तर. कधी दुकानदार व्हायचे, कधी ग्रंथपाल, आणि वाक्य घोटून घेतल्याशिवाय सोडायचे नाहीत.

त्या दुपारी तिचा फोन आला. "मामा, आज तुम्ही अँब्युलन्सवाले व्हा. लवकर!"

"झालो! बोला बाई, काय झालं?" मामांनी लगेच इंग्रजीत विचारलं.

"माझ्या घरमालकीण आजी बाथरूममध्ये पडल्यात. डोक्यातून रक्त येतंय. हाक मारली तर ओ देत नाहीत," तिने अडखळत इंग्रजीत सांगितलं.

"अगं, आवाज का कापतोय? कोणी खात नाही तुला. आणि पत्ता राहिला. पुन्हा म्हण, सावकाश."

तिने पुन्हा म्हटलं. मामांनी दोन शब्द सुधारले. तिसऱ्यांदा मात्र पत्त्यासकट सगळं घडाघडा आलं.

"शाब्बास गं पोरी! आज पैकीच्या पैकी!"

 

"नक्की ना, मामा?" भाचीने हुंदका गिळत विचारलं. "मग ठेवते. आता अँब्युलन्सला खरा फोन लावते."