केतकीचा थकवा

पोहणं झालं, सायकल झाली, आता धावतानाही केतकी दुसऱ्या नंबरावर होती आणि तिला धापसुद्धा लागली नव्हती. लिस्बनच्या या विद्यार्थी ट्रायथलॉनमध्ये सगळ्यांचाच थकवा मनगटावरच्या पट्ट्यातून प्रेक्षकांत बसलेल्या घरच्या माणसाच्या अंगात जायचा. केतकीचा आईच्या.

वळणावर तिला आई दिसली. घामाने निथळत, खुर्ची गच्च धरून, डोळे मिटून बसलेली. आजवरच्या प्रत्येक शर्यतीत ती अशीच बसली होती.

केतकीने पट्टा काढून फेकला. पुढच्याच चढावर तिचे पाय भरून आले. ती सर्वांत शेवटी पोचली.

"मग मला एवढ्या लांब आणलंस कशाला?" आई चिडून म्हणाली.

धाप ओसरल्यावर केतकी म्हणाली, "माझी शर्यत बघायला."